खोटी टाळी

दोस्तांनो, परीक्षा, पाऊस आणि पाहुणे यांतून वेळ काढून तुम्ही पत्रं पाठवता, त्यामुळे आमची टपालाची पिशवी नेहमी फुगलेली असते. या आठवड्यात त्या पिशवीतून एक पत्र निघालं आणि मी ते तीनदा वाचलं. आठवीतल्या एका मुलाचं आहे. ‘नाव छापू नका’ असं त्याने लिहिलंय, म्हणून नाव सांगत नाही. मजकूर मात्र थोडक्यात सांगतो.

तो म्हणतो, ‘काका, वाढदिवसाला हट्ट करून मी गिटार घेतली. क्लास लावून चार महिने झाले. पहिला महिना मजेत गेला. आता कंटाळा येतो. बोटं दुखतात. आई रोज विचारते, वाजवलीस का? मी हो म्हणतो. खरं म्हणजे दार लावून मी तारा नुसत्याच खाजवत बसतो. सरही विचारतात, घरी केलंस का? त्यांनाही हो म्हणतो. आता पुढच्या महिन्यात मामाकडे सगळे जमणार आहेत आणि आईने सगळ्यांना सांगून ठेवलंय की हा गिटार वाजवणार. मी काय करू?’

वाचून हसू आलं का रे तुम्हाला? मला नाही आलं. कारण हे पत्र मी स्वतः लिहायला हवं होतं. फक्त मी नववीत होतो आणि पत्र लिहिण्याइतकं धाडस माझ्यात नव्हतं. म्हणून उत्तर देण्याआधी माझीच गोष्ट सांगतो.

आम्ही मुंबईत एका चाळीत राहायचो. दोन गल्ल्या सोडून एक सर राहायचे, मूळचे गोव्याचे. चर्चमध्ये वाजवायचे आणि संध्याकाळी चार-पाच मुलांना गिटार शिकवायचे. बाबांनी दिवाळीच्या बोनसमधून मला एक जुनी गिटार घेऊन दिली. त्या बोनसमधून आईची शिवणयंत्राची मोटर यायची होती. ती राहिली. हे मला तेव्हा माहीत होतं, एवढं लक्षात ठेवा.

सी कॉर्ड आली, ए मायनर आली, जीसुद्धा आली. मग आली एफ. ज्यांनी गिटार हातात धरलीय ते आत्ता मान डोलावत असतील! ज्यांनी नाही धरली त्यांच्यासाठी सांगतो. गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. एफ कॉर्डसाठी पहिल्या फ्रेटपाशी पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा एकट्या त्या बोटाने दाबायच्या आणि वर उरलेल्या तीन बोटांनी आणखी तीन ठिकाणी दाबायचं. नवख्या हाताला काय येतं? ‘ठप्प’ असा आवाज! लाकडी फळीवर टिचकी मारल्यासारखा.

दोन आठवडे मी प्रयत्न केला. मग सोडून दिला. सर विचारायचे, ‘एफ झाली?’ मी म्हणायचो, ‘झाली सर.’ क्लासमध्ये आम्ही सगळे एकत्र वाजवायचो, त्यामुळे माझा ‘ठप्प’ इतरांच्या आवाजात बुडून जायचा. सर पुढचा धडा द्यायचे, मग त्याच्या पुढचा.

डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन आलं. समूहगीत होतं. एक पेटी, एक तबला आणि तीन गिटारी. त्या तिघांत मी. गाण्यात एफ सात वेळा यायची. मी युक्ती केली. एफ आली की डावा हात बरोबर जागेवर न्यायचा, उजवा हात हवेत फिरवायचा आणि चेहरा मात्र अगदी रंगून गेल्यासारखा करायचा. कोणाला काही कळलं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई म्हणाल्या, ‘वा! छुपा रुस्तम निघालास की!’ बाबा मागच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पुढच्याच रविवारी आत्या, काका, आजी असे सगळे घरी आले. बाबा मोठ्या कौतुकाने म्हणाले, ‘ते शाळेतलं गाणं होऊन जाऊ दे.’ आता पेटी नाही, तबला नाही, दुसऱ्या दोन गिटारी नाहीत. एकटा मी! पहिली ओळ बरी गेली. एफ आली. ठप्प. पुन्हा ठप्प. खोली शांत झाली. आजीने काळजीने विचारलं, ‘तार तुटली का रे, बाळा?’ आणि मी पटकन म्हणालो, ‘हो आजी, गिटारच बिघडलीय.’

दुसऱ्या दिवशी बाबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. गिटार खांद्याला लावून लोकलच्या गर्दीतून दुरुस्तीवाल्याकडे गेले. संध्याकाळी घरी आले तेव्हा मी गणितं सोडवायचं नाटक करत होतो. बाबांनी गिटार खुंटीला टांगली आणि साधेपणाने म्हणाले, ‘त्याने नीट तपासली. वाजवूनही दाखवली. सुरेख वाजते. पैसेसुद्धा घेतले नाहीत. मग काय बिघडलंय रे?’

ते ओरडले असते तर बरं झालं असतं! त्यांना खरंच वाटत होतं की काहीतरी बिघडलंय आणि आपल्याला सापडत नाहीये. माझा बांध फुटला. एफ, क्लास, हवेत फिरवलेला हात, सगळं सांगून टाकलं. बाबा बराच वेळ गप्प बसले. मग एवढंच म्हणाले, ‘हे मला सांगून उपयोग नाही. सरांना सांग.’

सर मात्र चिडले, बरं का. ‘अरे बाबा, दोन महिने मी तुला वरचे मजले बांधून देतोय आणि खाली पायाच नाही?’ त्यांनी वहीत मागची चार पानं उलटली आणि त्या दिवसापासून माझा क्लास पुन्हा एफपासून सुरू झाला. बाकीची मुलं पुढे गेली. मला फार वाईट वाटलं. पण त्याच दिवशी सरांनी मला एक गोष्ट दाखवली, जी मी खरं बोललो असतो तर दोन महिन्यांपूर्वीच दाखवली असती. ती अशी, की पूर्ण एफ येत नसेल तर आधी छोटी एफ वाजवायची. फक्त खालच्या चार बारीक तारा. पहिल्या बोटाने पहिल्या फ्रेटवर सर्वांत बारीक दोन तारा, मधल्या बोटाने दुसऱ्या फ्रेटवर तिसरी तार आणि अनामिकेने तिसऱ्या फ्रेटवर चौथी तार. जाड दोन तारा वाजवायच्याच नाहीत. आठ दिवसांत ती आली! मोठी एफ यायला मात्र पुढचा मार्च उजाडला.

तर मित्रा, आता तुझ्या पत्राचं उत्तर.

पहिली गोष्ट म्हणजे तुला कंटाळा येतो याचा अर्थ तू आळशी आहेस असा नाही. सुरुवातीला रोज काहीतरी नवीन येतं, म्हणून मजा वाटते. मग एक अशी जागा येते की महिनाभर काही पुढे सरकतच नाही. पोहायला शिकताना, सायकल शिकताना, इंग्रजी बोलताना, सगळीकडे ती येते. बोटं दुखतात तेही खरंच दुखतात. तारा स्टीलच्या असतील तर जास्तच. पण रोज थोडं थोडं वाजवलं तर काही आठवड्यांत बोटांच्या टोकांची कातडी घट्ट होते आणि दुखणं कमी होतं. आठवडाभर हात लावायचा नाही आणि रविवारी दोन तास वाजवायचं, असं केलं तर मात्र ती कातडी तयारच होत नाही आणि दर रविवारी नव्याने दुखतं. मनगट किंवा कोपर दुखायला लागलं तर तिथेच थांब आणि सरांना सांग. ते दुखणं वेगळं.

दुसरी गोष्ट, वाजवणं वेगळं आणि सराव वेगळा. जे येतं तेच पुन्हा पुन्हा वाजवणं म्हणजे मजा. तीही हवीच! पण सराव म्हणजे जे येत नाही त्याच्याशी झटापट. १९९३ साली मानसशास्त्रज्ञांनी बर्लिनमधल्या संगीत अकादमीत व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचं वादन उत्तम मानलं जात होतं, त्यांनी लहानपणापासून इतरांपेक्षा जास्त तास एकट्याने, नेमकं काय सुधारायचं ते ठरवून सराव केलेला होता. नुसते तास मोजून कोणी वादक होतो असं मात्र त्याचा अर्थ काढू नका. तास कशात घालवले ते महत्त्वाचं. आपल्याकडे रियाज म्हणतात तो हाच. एकच पलटा शंभर वेळा घोटणाऱ्या गायकाला विचारा.

तुला दिवसाला दोन तास कोणी मागत नाहीये. वीस मिनिटं पुरेत, पण ती रोज. दोन मिनिटं तारा सुरात लावायला. पाच मिनिटं बोटांचा व्यायाम. आठ मिनिटं जे अडलंय त्याला. आणि शेवटची पाच मिनिटं तुझ्या आवडीचं काहीही, अगदी वेडंवाकडं! ही शेवटची पाच मिनिटं कधी कापायची नाहीत. त्यांच्यासाठीच तर आपण गिटार घेतली ना?

एक खेळही सांगतो. घड्याळ लावून एका मिनिटात सीवरून जीवर आणि जीवरून परत सीवर किती वेळा जाता येतं ते मोज. दोन्ही कॉर्ड स्वच्छ वाजल्या तरच धरायचं. आज बारा झाले तर वहीत बारा लिही. उद्या अकरा झाले तर अकरा लिही. तिथे तेरा लिहिलंस तर फसला कोण? वही तर नक्कीच नाही.

आणि गिटार पिशवीत घालून कपाटावर ठेवू नकोस. डोळ्यांसमोर, भिंतीला टेकवून किंवा खुंटीला राहू दे. समोर असली की येता-जाता हात जातो. फक्त उन्हात ठेवू नकोस, आणि पावसाळ्यात वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारा पूस. कोकणात आणि मुंबईत दमट हवेने तारा लगेच गंजतात.

तिसरी गोष्ट खरेपणाची. आपल्याला वाटतं, खोटं आपण दुसऱ्याशी बोलतो. गिटारच्या बाबतीत ते फिरून आपल्याच अंगावर येतं. डॉक्टरांना पोट दुखत असताना डोकं दुखतं असं सांगितलं तर ते औषध कशाचं देतील? सरांचंही तसंच. ‘सर, या आठवड्यात मी तीनच दिवस वाजवलं आणि जी कॉर्डला करंगळी पोहोचत नाही’ असं सांगितलंस, तर सर कदाचित रागावतील, पण करंगळी कशी न्यायची तेही दाखवतील. ‘झालं सर’ या दोन शब्दांना मात्र कोणत्याही सरांकडे उपाय नाही.

आजकाल घरात मोबाइल असतो, त्याचा छान उपयोग होतो. आईबाबांचा फोन मागून स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड कर आणि लगेच ऐकू नकोस, दुसऱ्या दिवशी ऐक. वाजवताना आपण चुका ऐकत नाही, आपल्या मनातलं गाणं ऐकतो. रेकॉर्डिंग मात्र जसं आहे तसं समोर ठेवतं. पहिल्यांदा ऐकशील तेव्हा फोन उशीखाली लपवावासा वाटेल. लपव, पण पुसून टाकू नकोस! महिन्याने दुसरं रेकॉर्डिंग कर आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐक. आपण पुढे सरकलो हे तेव्हा कळतं, आणि त्यासारखं दुसरं टॉनिक नाही.

त्याच फोनवर तुझ्याच वयाची मुलं सफाईने वाजवताना दिसतात. ते बघून मन खट्टू होतं, हो ना? पण हे लक्षात घे. तिथे एकदा नीट जमलेलं दिसतं. त्याआधीच्या तीसचाळीस फसलेल्या खेपा कोणी दाखवत नाही. आपली रोजची खोली आणि दुसऱ्याचा सजवलेला दिवाणखाना यांची तुलना कशाला करायची?

कधी अगदीच हताश वाटलं तर जँगो राइनहार्टची गोष्ट आठव. बेल्जियममध्ये १९१० साली जन्मलेला हा भटक्या रोमा जमातीतला मुलगा. गाडीघरात राहायचा. किशोरवयातच तो पॅरिसमध्ये वाजवून पैसे मिळवू लागला होता. १९२८ साली त्याच्या गाडीघराला आग लागली आणि तो भयंकर भाजला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आखडून निकामी झाल्यासारखी झाली. तारा दाबायचा हात तोच! कोणीही म्हणालं असतं, संपलं. त्याने काय केलं? ‘माझी बोटं ठीक आहेत’ असं स्वतःला सांगितलं नाही. दोनच बोटं नीट चालतात हे मान्य केलं आणि त्या दोन बोटांना साजेशी वाजवायची नवी रीत बसवली. आखडलेली बोटं कॉर्डमध्ये जमेल तेवढी वापरली. १९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली यांच्यासोबत त्याने पॅरिसमध्ये जो वाद्यवृंद उभा केला, त्याच्या ध्वनिमुद्रिका आजही जगभरचे गिटारवादक कान देऊन ऐकतात. काय येत नाही ते आधी खरेपणाने बघितलं, म्हणून त्याला पुढची वाट दिसली.

आपल्याकडचंही उदाहरण घ्या. गिटार परदेशी वाद्य. त्यावर रागसंगीत कसं वाजणार, मींड कशी येणार? ब्रिजभूषण काब्रा यांनी ते आडवं धरून, तारांवर कांडी सरकवत वाजवलं. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर त्यांची गिटार आहे. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारला जादा तारा जोडून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये राय कूडर यांच्याबरोबर ग्रॅमी पुरस्कार मिळवला. एका रात्रीत झालं का हे? मुळीच नाही.

आता मामाकडच्या कार्यक्रमाचं काय? तुला अजून महिना आहे. पण आधी आजच संध्याकाळी आईला सांग. लांबण लावू नकोस. ‘आई, मी रोज वाजवतो म्हणत होतो, ते खरं नव्हतं. मला अमुक अडलंय.’ एवढी दोनच वाक्यं. आई रागावेल. कदाचित गिटारचे पैसेही काढेल. ऐकून घे, तिचा हक्क आहे. मग सरांना तेच सांग आणि तुला खरोखर येतील अशा दोन किंवा तीन कॉर्डचं एक छोटं गाणं मागून घे. मामाकडे तेवढंच वाजव. वाजवायच्या आधी म्हण, ‘मला सध्या एवढंच येतं.’ चुकलास तर थांब, हस आणि पुन्हा धर. छोटी टाळी पडेल, पण ती तुझी असेल. मला संमेलनात मिळालेली टाळी खूप मोठी होती, आणि मी ती कधीच घरी नेऊ शकलो नाही.

आणि समजा, नंतर तुला वाटलं की गिटार नकोच? तेही चालेल! पण अडलेल्या दिवशी निर्णय घेऊ नकोस. अजून तीन महिने वीस मिनिटं मनापासून कर, मग ठरव. आवड नाही म्हणून सोडणं यात लाज नाही. एफ येत नाही म्हणून ‘मला आवडच नाही’ म्हणणं हे मात्र पुन्हा ‘गिटार बिघडलीय’ असं म्हणण्यासारखंच.

आता दोन शब्द आईबाबांसाठी. (मुलांनो, हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा!) ‘किती वेळ वाजवलंस?’ असं विचारलं की मुलं आकडा सांगतात, आणि आकडा खोटा सांगणं फार सोपं असतं. त्याऐवजी ‘आज काय अडलं?’ असं विचारून बघा. त्याला ठोकळ उत्तर देता येत नाही. पाहुणे आले की ‘वाजवून दाखव’ म्हणण्याआधी मुलाला बाजूला घेऊन एकदा विचारा. आणि मूल खरं सांगायला आलं की त्या वेळी पैशांचा हिशेब शक्यतो काढू नका. खरं बोलण्याची किंमत फार महाग पडली तर मुलं पुढच्या वेळी स्वस्तातलं खोटं निवडतात. माझे बाबा त्या दिवशी ओरडले असते तर मी सरांकडे गेलो असतो का? मला शंका आहे.

माझं पुढे काय झालं विचाराल, तर मी काही मोठा वादक झालो नाही. पण ती जुनी गिटार अजून माझ्याकडे आहे. कधी संध्याकाळी काढतो. एफ येते. दहातल्या आठ वेळा स्वच्छ, दोन वेळा खरखरते. बाबा होते तोवर ती खरखरली की आतल्या खोलीतून विचारायचे, ‘काय रे, बिघडली का?’ आणि मी म्हणायचो, ‘नाही बाबा, मीच चुकलो.’

या आठवड्याचा गृहपाठ सगळ्यांना, गिटारवाल्यांना आणि बिनगिटारवाल्यांनाही! तबला असो, चित्रकला असो, गणित असो नाहीतर बुद्धिबळ. ‘झालं’ म्हणून सांगितलेली पण न झालेली एक गोष्ट शोधा आणि ज्यांना सांगायला हवी त्यांना सांगून टाका. मग काय झालं ते मला कळवा. नाव छापू नका म्हणालात, तर नाही छापणार. शब्द देतो.

तुमचाच,
काका